देव बनवण्याचा गृहपाठ



आम्ही दोघे इंग्लंडमध्ये मुलाकडे पाच महिने राहून आलो. परतल्यापासून जो तो विचारतो, "तिकडे काय काय पाहिलेत?" पाहण्यासारखे पुष्कळ पाहिले. परंतु ज्या गोष्टीने आम्हाला अंतर्मुख केले ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आमच्या दहा वर्षांच्या नातीच्या गृहपाठाच्या कागदावर भेटली. मुलाची व सुनेची परवानगी घेऊन ती येथे मांडत आहोत.

इंग्लंडच्या प्राथमिक शाळांत सात ते अकरा वर्षांच्या वयोगटाला इतिहासात प्राचीन ग्रीस हा विषय असतो. मुले झ्यूस, अथीना, पोसायडन यांच्या कथा वाचतात, मातीची रंगीत भांडी करतात, ऑलिम्पिकची माहिती गोळा करतात. त्यातच नातीच्या बाईंनी एक प्रकल्प दिला होता: स्वतःचा एक नवा ग्रीक देव किंवा देवी तयार करा. नाव द्या. आईवडील कोण ते लिहा. त्याची सत्ता कशावर चालते? त्याचे चिन्ह कोणते, प्राणी कोणता? शेवटी त्याची एक कथा लिहा आणि त्या कथेतून जगातली एखादी गोष्ट तशी का आहे, हे सांगा.

कागद वाचून आमच्या कपाळावर आठ्या पडल्या. आमच्यापैकी एकाने पंचवीस वर्षे रविवारचे धर्मशिक्षणाचे वर्ग घेतले आहेत. दहा आज्ञांतली पहिली आज्ञा किती मुलांकडून पाठ करून घेतली त्याची गणती नाही. आता आपल्याच नातीला बसवून नवा देव बनवायचा? आम्ही मुलाला म्हटले, "अरे, हे बरे दिसते का?" तो हसून म्हणाला, "बाबा, शाळेचा प्रोजेक्ट आहे. कोणी त्या देवाला नारळ फोडणार नाही की मेणबत्ती लावणार नाही." नातही म्हणाली, "आजी, माझ्या मैत्रिणीने फुटबॉलचा देव केलाय. एका मुलाने गृहपाठ खाऊन टाकणारा देव केलाय!"

आम्हीही हसलो. पण रात्री दोघांच्याही मनात प्रश्न घोळत राहिला. देव कल्पनेने रचणे हे पाप आहे की खेळ? आणि खेळ असेल, तर पहिली आज्ञा नेमकी कशाला मनाई करते?

विचार करता पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की गोष्ट रचणे आणि गुडघे टेकणे या दोन निराळ्या क्रिया आहेत. मुलांनी कागदावर काढलेल्या देवापुढे कोणी आपले आयुष्य ठेवत नाही. पहिली आज्ञा आपल्या भक्तीविषयी, आपल्या भरवशाविषयी आहे. आपण कशावर विसंबून जगतो, कशासाठी इतर सर्व सोडायला तयार होतो, हे ती विचारते. त्या दृष्टीने पाहिले तर कागदावरच्या देवापेक्षा बँकेच्या पासबुकातला देव किंवा 'लोक काय म्हणतील' या नावाचा देव कितीतरी अधिक धोक्याचा. त्याच्यावर 'प्रकल्प' असे लिहिलेले नसते, म्हणून तो ओळखू येत नाही.

दुसरी गोष्ट नातीच्या पुस्तकांतून कळली. आपले देव माणसांनी घडवलेले असावेत, ही शंका खुद्द ग्रीकांनाच आली होती. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात होऊन गेलेला इतिहासकार हिरोडोटस लिहून गेला, की होमर आणि हेसिअड या कवींनी ग्रीकांना देवांची वंशावळ दिली, त्यांची नावे, कामे आणि रूपे ठरवून दिली. त्याच्याही आधी झेनोफनीस नावाच्या विचारवंताने लोकांना चिमटा काढला होता. इथिओपियन लोकांचे देव काळे व चपट्या नाकाचे, तर थ्रेसच्या लोकांचे देव निळ्या डोळ्यांचे व तांबूस केसांचे असतात. बैलांना आणि घोड्यांना हात असते आणि चित्र काढता आले असते, तर त्यांनीही आपापल्यासारखेच देव काढले असते, असे त्याचे म्हणणे.

नवे देव कसे जन्माला येतात याचे दाखलेही ग्रीकांच्या इतिहासात आहेत. इ.स.पू. ३७५ च्या सुमारास स्पार्टाशी तह झाला तेव्हा अथेन्सच्या लोकांनी शांतिदेवी आयरीनी हिची सार्वजनिक पूजा सुरू केली. शिल्पकार केफिसोडोटस याने तिची मूर्ती घडवली. तिच्या कडेवर एक मूल आहे. त्याचे नाव प्लूटोस, म्हणजे संपत्ती. युद्धाने पोळलेल्या लोकांना काय हवे होते ते त्या मूर्तीत स्पष्ट दिसते. पुढे इजिप्तवर राज्य करणारा ग्रीक राजा पहिला टॉलेमी याने सेरापीस या देवाचा पंथ वाढवला. त्यात इजिप्तच्या देवाचे गुण होते आणि ग्रीक देवाची दाढी व पोशाख होता. राज्याला एकत्र बांधायला तो उपयोगी पडला. इ.स. १३० मध्ये रोमन सम्राट हेड्रियनचा लाडका तरुण सोबती अँटिनस नाईल नदीत बुडाला. सम्राटाला ते दुःख सोसवेना. त्याने अँटिनसला देव ठरवले आणि त्याच्या नावाने नाईलच्या काठी एक शहर वसवले.

इच्छा, सोय आणि दुःख. माणूस देव बनवतो तो बहुधा या तीन कारणांनी. तिसऱ्या कारणाविषयी आपल्या पवित्र शास्त्रातही लिहिलेले आहे, हे आम्हाला आठवले. जुन्या करारातील प्रज्ञाग्रंथाच्या चौदाव्या अध्यायात मूर्तिपूजेचा उगम सांगताना एका बापाचे उदाहरण येते. त्याचे मूल अकाली मरण पावते. दुःखाने व्याकूळ होऊन तो त्याची प्रतिमा करून घेतो, आणि काल जे मेलेले मूल होते त्याला आज देव म्हणून मान देऊ लागतो. पुढे ती रूढी होते. ग्रंथकार त्या बापाला चूक ठरवतो, पण त्याच्या चुकीच्या मुळाशी दुष्टपणा होता असे म्हणत नाही. मुळाशी शोक होता.

हे सारे आम्ही नातीला समजावून सांगायचे ठरवले होते. 'बाळा, बनवलेला देव हा आपल्याच मनाचा आरसा असतो' असे काहीतरी शहाणपणाचे बोलायचे होते. तसे बोलायची वेळ आलीच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने जेवणाच्या टेबलावर आपली देवी आम्हाला वाचून दाखवली.

येथे थोडे मागे जायला हवे. त्याआधी दोन वर्षांपूर्वी आमच्या सुनेला दिवस गेले होते. आठवा महिना चालू होता. पाळणा आणून ठेवला होता, नातीने त्यावर चांदण्या चिकटवल्या होत्या. बाळ जन्माला आले ते मृतावस्थेतच. मुलगा होता. आम्ही तेव्हा वसईत होतो. मुलाचा फोन आला. बराच वेळ तो बोललाच नाही. मग त्याने विचारले, "बाबा, त्याचा स्नानसंस्कार झाला नाही. मग त्याचे आता काय?"

आम्ही उत्तर दिले नाही. "देवाची इच्छा" असे काहीतरी पुटपुटलो आणि सुनेची चौकशी केली. त्यानंतर त्या बाळाचा विषय आमच्या घरात निघाला नाही. त्याला नाव ठेवले होते. ते नावही कोणी उच्चारले नाही. मुलगा रविवारच्या मिस्साला जाणे हळूहळू सोडून देत गेला. आम्ही त्याबद्दल त्याला टोकत राहिलो, पण ते केव्हापासून सुटले याचा हिशोब कधी केला नाही.

आता नातीची देवी. तिचे नाव 'मेनूसा'. बाईंच्या मदतीने तिने ग्रीक शब्द शोधला होता. ग्रीकमध्ये 'मेनो' म्हणजे राहणे, थांबणे. मेनूसा म्हणजे थांबणारी. तिची आई पर्सेफोनी, कारण आईपासून लांब राहावे लागले की कसे वाटते ते पर्सेफोनीला ठाऊक आहे. तिचे चिन्ह वही आणि पेन्सिल. तिचा प्राणी कुत्रा.

कथा अशी. मेलेल्यांना नदीपलीकडे नेणारा नावाडी कॅरॉन प्रत्येकाकडे एक नाणे मागतो. मोठ्या माणसांच्या तोंडात घरच्यांनी नाणे ठेवलेले असते. पण जी बाळे जन्मायच्या आधीच मरतात त्यांच्याजवळ नाणे नसते, आणि पुष्कळदा नावही नसते. कॅरॉन त्यांना नावेत घेत नाही. ती काठावरच राहतात. मेनूसा रोज रात्री तेथे जाते. ती बाळांना नावेत बसवून देत नाही, कारण तो अधिकार तिला नाही. ती त्यांच्याजवळ थांबते. ज्याला नाव नसेल त्याला नाव देते, ज्याला असेल त्याचे वहीत लिहून ठेवते. तिला घरी परतायला उशीर होतो, म्हणून तिचा कुत्रा दारात वाट पाहत बसतो. तेव्हापासून जगातले सगळे कुत्रे दारात बसतात.

कागदाच्या तळाशी तिने वहीचे चित्र काढले होते. वहीत पाच-सहा नावे होती. त्यातले पहिले नाव तिच्या भावाचे होते.

सून उठून आत गेली. मुलगा ताटाकडे बघत राहिला. आम्ही दोघे काय बोलावे ते न सुचून बसून होतो. मुलगी घाबरली. म्हणाली, "चुकले का माझे काही?"

बंधुभगिनींनो, त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. नातीने देव बनवला म्हणून नव्हे. आम्ही कोणता देव बनवला होता, हे त्या दिवशी आम्हाला समजले म्हणून.

आमच्या पिढीतल्या वाचकांना 'लिंबो' हा शब्द आठवत असेल. स्नानसंस्काराविना दगावलेल्या अर्भकांना नरकयातना नाहीत, पण परमेश्वराचे दर्शनही नाही. ती एका निराळ्या जागी राहतात, असे आम्ही लहानपणी ऐकले होते. अशा बाळांना पवित्र दफनभूमीच्या बाहेर किंवा एका कडेला पुरण्याची पद्धत ख्रिस्ती जगात अनेक ठिकाणी होती. मुलाच्या फोनला उत्तर देता आले नाही त्याचे कारण हेच होते. आमच्या मनात तेच चित्र उभे राहिले होते. बंद दार, आणि दाराबाहेर आमचा नातू.

हे चित्र कोठून आले? ख्रिस्ती धर्मापूर्वीचा रोमन कवी व्हर्जिल पाताळाचे वर्णन करतो तेव्हा अगदी उंबरठ्यावरच अर्भकांचे रडणे ऐकू येते. ग्रीकही अकाली मेलेल्यांचे आत्मे अस्वस्थ भटकतात असे मानत. चौथ्या-पाचव्या शतकातील संत ऑगस्टीन यांनी मूळ पापाचा विचार करताना अशा बाळांना अत्यंत सौम्य का होईना, शिक्षा होते असे मत मांडले. मध्ययुगीन पंडितांना ते कठोर वाटले. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी म्हटले, की त्या बाळांना दुःख नाही. त्यांना त्यांच्यापुरते नैसर्गिक सुख आहे. चौदाव्या शतकात दान्तेने आपल्या महाकाव्यात नरकाच्या पहिल्याच वर्तुळात लिंबो दाखवला आणि तेथे ही बाळे ठेवली. त्याचा वाटाड्या कोण? तोच व्हर्जिल.

हे सर्व थोर लोक होते. देवाची दया आणि स्नानसंस्काराची गरज या दोन्ही गोष्टी धरून ठेवण्याची त्यांची धडपड प्रामाणिक होती. परंतु लिंबो हा ख्रिस्तसभेचा सिद्धांत म्हणून कधीच जाहीर झालेला नव्हता. ते पंडितांचे अनुमान होते. १९८३ सालच्या धर्मसंहितेनुसार, ज्या बाळाला स्नानसंस्कार देण्याची आईवडिलांची इच्छा होती पण ते त्याआधीच दगावले, त्याचा ख्रिस्ती अंत्यविधी करण्यास बिशप परवानगी देऊ शकतात. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षण ग्रंथात अशी बाळे देवाच्या दयेवर सोपवावीत असे सांगितले आहे; तेथे लिंबोचे नावही नाही. २००७ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने या विषयावर एक सविस्तर निवेदन प्रसिद्ध केले. या बाळांचे तारण होते अशी आशा धरण्यास गंभीर आधार आहेत, असा त्याचा निष्कर्ष आहे. खात्रीचे ज्ञान आपल्याला दिलेले नाही, पण आशेला भक्कम आधार आहे.

यातले बरेचसे आम्ही वाचले होते. धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगितलेही होते. पण डोक्यातले ज्ञान हृदयापर्यंत पोहोचले नव्हते. जेव्हा स्वतःच्या मुलाने फोनवरून विचारले तेव्हा तोंडातून आशा निघाली नाही. तेव्हा आमच्या मनात जो देव होता तो कॅरॉनसारखा होता. नाणे नाही, तर नाव नाही. दहा वर्षांच्या मुलीने गृहपाठात एक देवी बनवली, आणि आम्ही तिला पहिल्या आज्ञेची आठवण करून देणार होतो. पहिल्या आज्ञेची आठवण आम्हालाच हवी होती. खऱ्या देवाच्या जागी आम्ही आमच्या भीतीची मूर्ती बसवली होती.

दुसऱ्या दिवशी मुलाशी बोललो. दोन वर्षांपूर्वी उत्तर दिले नाही त्याबद्दल त्याची माफी मागितली. वरचे सगळे त्याला सांगितले. तो ऐकत होता. मग त्याने सरळ विचारले, "बाबा, माझ्या मुलीने तिला हवी तशी देवी केली. तुमच्या आयोगानेही आपल्याला हवा तसा देव केला नाही कशावरून? आधी कडक देव होता, लोकांना आवडेनासा झाला, म्हणून आता मऊ केला."

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. १८४१ साली जर्मन तत्त्वज्ञ लुडविग फॉयरबाख याने हेच म्हटले होते, की माणूस आपलेच उत्तम गुण आभाळावर काढतो आणि त्यांना देव म्हणतो. झेनोफनीसच्या बैलांचीच ही पुढची गोष्ट. आम्ही काही तत्त्वज्ञ नाही. आम्हाला जे सुचले ते सांगितले.

भीतीने बनवलेला देव खोटा, तसा केवळ दिलाशासाठी बनवलेला देवही खोटाच. जो देव मला कधीच 'नाही' म्हणत नाही, माझ्या शत्रूला माझ्याइतकाच लाडका मानत नाही, माझ्याकडून क्षमेची अपेक्षा करत नाही, तो बहुधा मीच बनवलेला असतो. शुभवर्तमानातला देव तसा नाही. तो आपल्याला हवा तसा वागत नाही. पीटरनेही प्रभूला क्रुसाच्या वाटेवरून मागे फिरवायचा प्रयत्न केला आणि कडक बोलणी खाल्ली. संत पौल करिंथ येथील ग्रीकांना लिहितो, की क्रुसावर खिळलेला ख्रिस्त यहुद्यांना अडखळण आणि इतरांना मूर्खपणा वाटतो. कोणा शहाण्या माणसाने देव कल्पिला असता तर तो क्रुसावर टांगला नसता.

ग्रीकांच्याच देवांशी ताडून पाहा. इ.स.पू. ४२८ मध्ये रंगभूमीवर आलेल्या युरिपिडीसच्या 'हिप्पोलिटस' नाटकात आर्टेमिस देवीचा एकनिष्ठ भक्त शेवटच्या घटका मोजत असतो. देवी त्याच्याशी बोलते, त्याचे निर्दोषत्व सिद्ध करते. पण प्राण जाण्याची वेळ येते तशी ती निघून जाते. मरण पाहणे देवांना निषिद्ध आहे. होमरच्या 'इलियड'मध्ये झ्यूस आपल्या मुलाच्या, सार्पेडनच्या मृत्यूआधी रक्ताचा पाऊस पाडतो, पण रणांगणावर उतरून त्याच्याजवळ जात नाही. ग्रीक देवांनाही दुःख होते. ते फक्त थांबत नाहीत. आपला प्रभू लाझरसच्या कबरीकडे जाताना रडला. क्रुसावर तो स्वतःच मेला. मरण पाहणे ज्याला निषिद्ध नव्हते असा हा देव.

त्यामुळे नातीची 'मेनूसा' मुळात ग्रीक देवी झालीच नव्हती. तिच्या बाईंनीही प्रकल्पावर लिहिले होते: कथा फार सुंदर आहे, पण ग्रीक देव सहसा इतके थांबत नाहीत. थांबणारी देवी त्या मुलीला कोठून सुचली? जिच्या खोलीत पलंगाच्या डोक्याशी क्रूस आहे, जिने क्रुसाजवळ उभी राहिलेली मरिया माता पाहिली आहे, तिला ती सुचली. पुढे वसईला आल्यावर आमच्या धर्मगुरूंना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, की संत योहानाच्या शुभवर्तमानात वेल आणि फाट्यांच्या दाखल्यात प्रभू पुन्हा पुन्हा जो शब्द वापरतो तो हाच आहे: मेनो. माझ्यात राहा, असे तो म्हणतो. एम्माउसच्या वाटेवर ते दोन शिष्य त्या अनोळखी सोबत्याला थांबण्याची विनंती करतात, तेथेही तोच शब्द आहे.

म्हणून मुलाला आम्ही इतकेच म्हटले: आयोगाने देवाला मऊ केले नाही. त्यांनी येशूकडे पाहिले. शिष्य बाळांना दूर सारत होते तेव्हा प्रभू रागावला, आणि त्याने बाळांना कवेत घेतले. देव कसा आहे हे ठरवायचे तर आपल्या भीतीवरून नको, आपल्या इच्छेवरूनही नको, त्या कवेवरून ठरवू या. तुझ्या बाळाजवळ नाणे नव्हते. त्या कवेत शिरायला नाणे लागत नाही, अशी आशा आम्हाला आहे, आणि ती आम्ही तुला दोन वर्षे उशिरा देत आहोत.

मुलाचे समाधान झाले का? आम्हाला माहीत नाही. तो काही बोलला नाही.

नातीला मात्र उत्तर द्यायचे राहिले होते. आम्ही तिला सांगितले, की तुझे काहीच चुकले नाही. मेनूसा गोष्टीतली आहे, पण तू तिला जे काम दिलेस ते काम करणारा खरोखरच कोणी आहे. तिने लगेच विचारले, "मग त्यालाच का नाही घ्यायचे प्रोजेक्टमध्ये?" आम्ही म्हटले, "कारण प्रोजेक्टमध्ये आपण बनवलेला देव लिहायचा आहे. त्याला आपण बनवलेले नाही." ती थोडा विचार करून म्हणाली, "त्याच्याकडे पण वही आहे?" आम्ही यशयाचे पुस्तक उघडून तिला दाखवले, की देवाने आपल्या लोकांना आपल्या तळहातांवर कोरून ठेवले आहे. तिला वहीपेक्षा ते जास्त आवडले.

संत पौल अथेन्सला गेला तेव्हा मूर्तींनी भरलेले ते शहर पाहून त्याचा आत्मा कळवळला, असे प्रेषितांच्या कृत्यांत लिहिले आहे. तरी त्याने एकही वेदी फोडली नाही. 'अज्ञात देवाला' असे लिहिलेल्या वेदीपासून त्याने बोलायला सुरुवात केली. तो ज्या बाजारचौकात लोकांशी रोज वाद घालत असे, त्याच अगोराच्या परिसरात विसाव्या शतकातील उत्खननात एक जुनी विहीर सापडली. तिच्यात सुमारे ४५० नवजात अर्भकांचे अवशेष होते. इ.स.पू. दुसऱ्या शतकातले. संशोधकांच्या मते त्यातली बहुतेक बाळे आजाराने, नैसर्गिकरीत्याच दगावलेली होती. ग्रीकांकडे बाळाचे नाव जन्मानंतर काही दिवसांनी, बहुधा दहाव्या दिवशी ठेवत. त्याआधी गेलेल्यांना नाव नसे. पौलाला त्या विहिरीची कल्पना असण्याचे कारण नाही. पण तो त्या शहराला सांगत होता, की देव आपल्यापैकी कोणापासूनही दूर नाही, आणि आपण सर्व त्याचेच वंशज आहोत. त्या 'सर्वां'मध्ये त्या विहिरीतलीही येतात, असे आम्ही मानतो.

आम्ही निघायच्या आदल्या रात्री सर्वांनी मिळून जपमाळेची प्रार्थना केली. मुलगा शेजारच्या खोलीत होता. शेवटी मृतांसाठी प्रार्थना करताना नातीने आपल्या भावाचे नाव मोठ्याने घेतले. मग सुनेने घेतले. थोड्या वेळाने दारातून मुलाचा आवाज आला. त्यानेही ते नाव घेतले. त्यापलीकडे काही झाले नाही, आणि त्यापलीकडे सांगण्यासारखे आमच्यापाशीही काही नाही.

आपल्या धर्मग्रामातही अशी घरे असतील. ज्या बाळाचे नाव ठेवले गेले नाही, किंवा ठेवले पण कोणी घेत नाही, अशी. आजी-आजोबा गप्प, कारण त्यांना लिंबोची भीती. आईवडील गप्प, कारण आजी-आजोबा गप्प. २ नोव्हेंबरला, मृत भाविकांच्या स्मरणदिनी, आपण मिस्सासाठी नावांची यादी देतो. आजोबा, पणजोबा, मावशी, काका अशी सगळी नावे असतात. या वर्षी आमच्या यादीत सर्वांत वर एक छोटे नाव आहे. तुमच्याही घरात असे नाव असेल, तर ते लिहा. नाव ठेवले नसेल, तर अजूनही ठेवता येईल.

आणि कधीतरी एकांतात बसून तो गृहपाठही करून पाहा. माझा देव कोणासारखा आहे? तो नाणे मागतो का? मरण दिसले की तो निघून जातो का? तो मला कधी 'नाही' म्हणतो का? उत्तरे प्रामाणिकपणे लिहिली तर आपण बनवलेला देव कोणता आणि आपल्याला बनवणारा देव कोणता, हे हळूहळू उमगू लागेल. आम्हाला ते सत्तरीच्या उंबरठ्यावर, एका मुलीच्या वहीतून उमगू लागले.

हे प्रभो, आमच्या भीतीने बनवलेल्या देवांपासून आम्हाला सोडव, आणि ज्यांची नावे आम्ही घेतली नाहीत त्यांच्याजवळ तू थांब. आमेन.